चौकटची सत्ती

१

दुपारचं जेवण झालं की मी कॉम्प्युटर लावायचो, अंबिकाचा पत्त्यांचा डाव उघडायचो, बघायचो आणि कशालाही हात न लावता बंद करायचो. बंद करताना कॉम्प्युटर विचारायचा, हा डाव जपून ठेवायचा का. मी हो म्हणायचो आणि आडवा व्हायचो. अंबिकाला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि माझी ही दुपार एकदाही चुकली नव्हती. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला क्रम मोडलेला चालत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण एवढंच की त्या पडद्यावर बायको नुकतीच उठून आत गेल्यासारखी वाटायची.

खेळ साधाच होता. हिरव्या पटावर सात ओळी, काळ्या पत्त्यावर लाल, लालवर काळा, उतरत्या क्रमानं लावत जायचं आणि शेवटी चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत जुळवायचे. एकट्यानं खेळायचा खेळ. आमच्या लेकीच्या, मनस्विनीच्या इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर घेतला. ती नोकरीला पुण्याला गेली, कॉम्प्युटर आमच्या गारखेड्याच्या घरी राहिला आणि अंबिकानं त्याचा ताबा घेतला. ती सगळी दुष्काळाची वर्षं. औरंगाबाद चहूबाजूंनी वाढत होतं, आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली इमारत उठत होती, तिथलं बोअर खणताना दिवसभर नुसता फुफाटा उडायचा, आणि नळाला चार दिवसांआड पाणी. तेही दुपारी कधी येईल त्याचा नेम नाही. त्या दिवशी झोपायची सोय नसे. अंबिका पत्ते लावत बसायची आणि एक कान नळाकडे असायचा. पाण्याआधी नळात हवा सूं करते. ती ऐकू आली की ही उठून कॉक फिरवायची आणि हौदात धार सुरू झाली की परत येऊन बसायची.

माउस तिनं टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवलेला. ती डावखुरी. माहेरी त्यापायी मार खाल्लेला, आणि सासरी माझ्या आईनं तिला त्या हातानं कधी वाढू दिलं नाही की देवाला फूल वाहू दिलं नाही. कॉम्प्युटरपुढं बसली की म्हणायची, इथं कुणाचं काय जातंय. मनस्विनीनं तिला माउसची बटणंसुद्धा उलटी करून दिली होती. त्यामुळे मी बसलो की दर वेळी भलतंच काहीतरी उघडायचं आणि ती तोंडाला पदर लावून हसायची.

तिचा एक कायदा होता. मागं उभं राहून बघा, पण चाल सांगायची नाही. मला चाल आधी दिसायची, मास्तराची खोड. मी नुसता घसा खाकरला तरी ती मान न वळवता म्हणायची, "अहो, सांगायचं नाही." त्या शेवटच्या डावात चौकटची सत्ती चांगली उघडी पडली होती आणि शेजारच्याच ओळीत किलवरची अठ्ठी रिकामी होती. उचलायची आणि ठेवायची. पाचवीतल्या पोराला दिसली असती. अंबिकाला काही दिसली नाही. मी ओठ घट्ट मिटून मागं उभा होतो. त्याच दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं, आणि तरी उठताना डाव जपून ठेवायला ती विसरली नाही.

२

दहावा कायगावला गोदावरीवर केला. नदी म्हणायची पद्धत म्हणून नदी. गुरुजी कोरड्या पात्रात पार आत चालत गेले आणि एक डबकं शोधून आले. पिंड मांडून आम्ही मागं सरलो. कावळे होते, समोरच्या बाभळीवर दोन-चार बसलेले दिसत होते, पण एकही खाली येईना.

अशा वेळी करतात तेच सगळ्यांनी केलं. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असेल ते आठवून एकेक जण वचन देऊ लागला. मनस्विनी म्हणाली, आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही, रोज बघीन त्यांच्याकडं. तिचे मामा काकासाहेब म्हणाले, ताई, माहेरचं दार तुझ्या लेकीला उघडं राहील. कावळे ढिम्म. ऊन चढलं, बायका डोक्यावर पदर घेऊन खाली बसल्या आणि गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला लागले.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण अंबिका ताटकळली आहे असं मला उगाच वाटलं आणि ते सहन झालं नाही. मी पुढं झालो आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणालो, तुझ्या डावाला मी हात लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही. मी वळतोय तोवर कावळा शिवून गेला. काय हो म्हणालात, असं काकासाहेबांनी परतीच्या वाटेवर विचारलं, तेव्हा मी विषय बदलला. योगायोग कशाला म्हणतात हे मी मुलांना फळ्यावर गणितं मांडून शिकवलेलं आहे. पण शब्द दिला होता, तो होताच.

३

पुढल्या उन्हाळ्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यात एक नवं चित्र येऊन बसलं. नवी सिस्टीम तयार आहे, फुकट आहे, घेता का? मी नाही म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. इतक्या चिकाटीनं एखाद्या विद्यार्थ्यानं मला शंका विचारली असती तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

मी कधीच हो म्हटलं नसतं, पण मनस्विनीला दिवस गेले होते, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, आणि तिनं पाठवलेला कॅमेरा जुन्या सिस्टीमवर चालेना. फोनवर ती रडायला लागली. म्हणाली, मी आईला कबूल केलंय, मला तुम्ही रोज दिसायला हवे. एक वचन पाळायला दुसरं मोडायची वेळ आली. मी त्रिमूर्ती चौकातल्या सांडूला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे, माणूस पोक्त, कमी बोलणारा.

त्यानं डाव बघितला आणि डोकं खाजवलं. "सर, नव्या सिस्टीममधी हे जुने पत्ते नसतेत. निघून जातेत. मी कॉपी मारून ठेवतो, बाद में परत टाकू. पण डाव हाच येईल का, गॅरंटी नाय."

मी त्याला म्हणालो, हा डाव गेला तर माझं घर गेलं. एवढं मोठं वाक्य मी पूर्वी कुणापुढं बोललो नव्हतो. सांडूनं मान हलवली, कॉपी दोन ठिकाणी ठेवली आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला आणि मग त्यावर इंग्रजीत एकेक वाक्य उमटायला लागलं. नमस्कार. थोडा वेळ लागेल. बंद करू नका. आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करतो आहोत. मागचा रंग सावकाश निळा व्हायचा, जांभळा व्हायचा. मी सांडूला विचारलं, आम्ही म्हणजे कोण? तो म्हणाला, असंच लिहितेत सर. शेवटचं वाक्य आलं, तुमचं सगळं जिथं ठेवलं होतं तिथंच आहे. ते वाचून मला धीर यायला हवा होता.

नवी सिस्टीम मला पहिल्या नजरेला परक्या घरासारखी वाटली. सगळं सपाट, कोपरे टोकदार, रंग भडक. आणि सुरू होतानाचा तो सूर गेला होता. जुना कॉम्प्युटर लागला की चार सुरांची एक लकेर वाजायची. स्वयंपाकघरात असलो तरी कळायचं, अंबिका बसली. आता तो मुकाट्यानं सुरू होत होता. कुणी लावला तरी घराला कळणार नव्हतं.

सांडूनं जुने पत्ते परत टाकले. हिरवा पट उघडला, सात ओळी आल्या, चौकटची सत्ती होती तिथं होती. मला रडू आलं. सांडूनं ते न बघितल्यासारखं केलं, माउस सगळ्यांचा असतो तसा उजवीकडं ठेवला, बटणं सुलटी केली आणि चहा घेऊन गेला.

४

दुसऱ्या दुपारी मी माउसचं बटण दाबलं तर भलतंच काहीतरी उघडलं. बटणं पुन्हा उलटी झाली होती. सांडूला फोन केला. तो म्हणाला, जुनी सेटिंग सोबत आली असंल, होतं असं. पटण्यासारखं होतं. मग मी डाव उघडला.

बदामची राणी इस्पिकच्या राजावर होती.

काल ती तिथं नव्हती. तो पट मला तोंडपाठ होता, वर्षभर रोज बघत होतो. राणी तिसऱ्या ओळीत होती आणि राजा कडेला एकटा होता. मी चष्मा पुसला. राणी राजावरच होती. मी स्वतःला समजावलं की सांडूनं खेळ चालतो का ते बघायला एक पत्ता हलवला असेल. त्याच्यावर चिडलो सुद्धा. पण त्याच्यासमोर मी सत्ती बघितली तेव्हा राणी कुठं होती, हे मला चांगलं आठवत होतं.

त्यानंतरच्या दुपारी एक काळा गुलाम राणीवर आला होता आणि माउस टेबलाच्या डाव्या बाजूला होता.

मी वय झालेला माणूस आहे. औषधाची गोळी घेतली की नाही ते मला आठवत नाही. झोपेतून उठून मीच खेळत असेन, असं मी ठरवलं. तर्काला तेच धरून होतं. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. रोज एखाद-दुसरी चाल होत होती, काही तर फार हुशारीच्या, मलाही सुचल्या नसत्या अशा. आणि सत्ती मात्र होती तिथंच होती. किलवरची अठ्ठी शेजारी रिकामी. मी खेळलो असतो तर सगळ्यात आधी सत्ती उचलली असती. ती ज्याला दिसत नाही असं माणूस मला एकच माहीत होतं.

मला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या मागोमाग, लाज वाटावी इतका आनंद झाला.

५

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे असं मी सही करून सांगत होतो तेव्हा मला आठवलं की आज पाण्याचा दिवस. रांगेतून बाहेर पडेपर्यंत दुपार कलली होती. पाणी चुकलं म्हणजे चार दिवस टँकरवाल्याच्या विनवण्या. मी रिक्षा करून घरी पळालो.

अंगणात हौद काठोकाठ भरलेला होता आणि कॉक बंद होता.

मागच्या दारी गोजरबाई भांडी घासत होती. पाचोडकडची. चारा नाही म्हणून त्यांनी मेंढरं विकली, नवरा समोरच्या इमारतीवर वॉचमन लागला आणि ही त्या उन्हाळ्यात आमच्याकडं कामाला आली. अंबिकाला तिनं कधी पाहिलेलं नाही. मी म्हणालो, बरं झालं बाई, तू पाणी भरलंस. तिनं हात थांबवले.

"म्या कुठं भरलं, सर? तुम्हीच तर आत व्हता. म्या दारातून हाळी दिली, पाणी आलंय म्हून. आतली टिकटिक थांबली, खुर्ची सरकली. मंग म्या भांड्याला लागले."

मी आत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. कॉम्प्युटर चालू होता, खुर्ची मागं सरकवलेली होती आणि तिच्यापासून अंगणाच्या दारापर्यंत फरशी नेहमीसारखी कोरडी होती. उंबऱ्यापाशी तेवढा एक ओला ठसा होता, उन्हानं कडेनं सुकत आलेला. तो पायाचा आहे की बादलीचा, हे बघायला मी वाकलो नाही. गोजरबाईला म्हणालो, हो, मीच होतो. विसरलो.

६

मास्तर असल्यामुळे मी एक प्रयोग केला. माउसची वायर काढली आणि तो कपाटात, अंबिकाच्या साड्यांच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी डाव जसाच्या तसा होता. सिद्धता झाली असं म्हणायला हवं होतं. पण सकाळपासून घर असं गप्प होतं की मला घास गिळवेना. समोरचं बोअरचं यंत्रही त्या दिवशी बंद. खोलीच्या दारापाशी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. आंधळ्या माणसाची काठी लपवल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळच्या आत मी माउस काढला, पुसला आणि परत जोडला. टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. जरासा तिरपा, तिला लागतो तसा. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं आतून टिक ऐकू आली. मी चहा टाकला आणि किती दिवसांनी पोटभर प्यालो.

त्यानंतर आमचं बरं चाललं होतं. दुपारी ती आत, मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन. मी आत गेलो की आवाज थांबायचा, म्हणून मी जात नसे. मनस्विनी संध्याकाळी पडद्यावर दिसायची, पोटावर हात ठेवून बसायची आणि म्हणायची, बाबा, तुमची तब्येत सुधारली हो. तिला मी काही बोललो नाही. सांगितलं असतं तर ती तसल्या अवस्थेत गाडी करून आली असती.

एकच गोष्ट मनात टोचायची. डाव पुढं सरकत होता. वरच्या कोपऱ्यात एक्के लागले होते, त्यांवर दुर्री, तिर्री चढत होती. डाव सुटला की पुढं काय, याचा विचार मी करत नव्हतो असं नाही. तो मनात आला की पेपरचं पान उलटायचो.

७

मग डाव अडला.

सत्ती सोडली तर पटावर एकही चाल उरली नव्हती. मी सगळ्या ओळी तपासल्या. ती सत्ती अठ्ठीवर ठेवली की खालचा पालथा पत्ता उघडणार होता आणि तिथून सगळं सुटत जाणार होतं. ती ठेवली नाही तर हातातली गड्डी फिरवत राहणं, तेच तेच पत्ते पुन्हा बघत राहणं, एवढंच शिल्लक होतं.

आणि तेच सुरू झालं. आतून येणारी टिकटिक पूर्वी थांबत थांबत यायची, विचार करणाऱ्या माणसासारखी. आता ती सलग येऊ लागली. टिक, टिक, टिक, गड्डी संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुपारभर. दुसऱ्या दिवशी दुपारभर. मी कानात कापूस घालून बघितला. गोजरबाईनं एकदा विचारलं, सर, आत काय मशीन चालू ठिवलंय का. मी व्हय म्हणालो.

पाण्याच्या दिवशी नळात हवा सूं करू लागली. मी बाहेर बसून वाट बघत होतो, आता आवाज थांबेल, आता खुर्ची सरकेल. टिकटिक थांबली नाही. नळ ओरडत राहिला, पाणी आलं, फरशीवर वाहू लागलं, मीच धावत जाऊन कॉक फिरवला. जिनं उभ्या जन्मात नळाची पहिली हवा चुकवली नाही, तिला पाणी ऐकू आलं नव्हतं. ती त्या पटात इतकी अडकली होती की तिला घर ऐकू येत नव्हतं.

ते मला सोसलं नाही. हात लावणार नाही असं मी म्हणालो होतो. सांगणार नाही असं नदीवर म्हणालो नव्हतो. सांगितलं की डाव सुटणार, आणि डाव सुटला की ही खोली नुसती खोली होणार, हे मला दिसत होतं. न सांगावं तर ती तिथं बसून जन्मभर, जन्म म्हणायचा तर, तेच पत्ते उलटत राहणार. मी चप्पल काढली, का ते माहीत नाही, आणि दार उघडून आत गेलो.

या वेळी आवाज थांबला नाही.

खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. माउसच्या खालचा लाल उजेड लाकडावर थरथरत होता. वायर हलत होती, अगदी थोडी, बोटभर पुढं, बोटभर मागं. खुर्चीच्या उशीला मध्ये खळगा होता. त्याहून वर मी पाहिलं नाही. नेहमीच्या जागी मागं जाऊन उभा राहिलो आणि नजर पडद्यावर ठेवली. खोबरेल तेलाचा वास येत होता.

घसा खाकरला. मग म्हणालो, "अंबिका, चौकटची सत्ती. किलवरच्या अठ्ठीवर ठेव. आणि जा आता, दमलीस."

टिकटिक थांबली. पडद्यावरचा बाण हळूहळू खाली आला, सत्तीवर थांबला, त्यानं तिला उचलून शेजारच्या ओळीत आणलं आणि अठ्ठीवर ठेवलं. खालचा पत्ता उलटला. बदामची चव्वी. तीच हवी होती. आता सगळं भराभर सुटणार होतं, आणि मी डोळे मिटून घेतले, कारण ती जाताना मला बघायचं नव्हतं.

काही झालं नाही. बऱ्याच वेळानं एकच टिक ऐकू आली. मी डोळे उघडले.

चाल मागं घेतली होती. चव्वी पुन्हा पालथी पडली होती आणि चौकटची सत्ती आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली होती. मला आधी हसूच आलं. सांगितलेली चाल ही कशी घेईल, मी सांगितलं म्हणून रागावली. मग माझं हसू थांबलं. चाल सांगितल्यावर बाण जराही चाचपडला नव्हता. एवढ्या पत्त्यांत सत्ती कुठं आहे हे तिला शोधावं लागलं नव्हतं. तिला ती दिसत होती. पहिल्या दिवसापासून, मी मागं ओठ मिटून उभा होतो तेव्हापासून दिसत होती, आणि ती ठेवली की डाव संपेल म्हणून तिनं ती कधी ठेवली नव्हती.

गड्डी पुन्हा फिरू लागली, सावकाश, पूर्वीसारखी. ती कुणासाठी थांबली आहे आणि किती दिवस थांबणार आहे, हे मी विचारलं नाही. दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसलो.